येन्को कॅमारोचं 1:18 मॉडेल: आधी बोनेट उघडून बघा

1969 च्या येन्को कॅमारोचं, म्हणजे अमेरिकेतल्या येन्को नावाच्या डीलरने मोठ्या इंजिनासह विकलेल्या शेवरोलेच्या कॅमारो गाडीचं, हे डायकास्ट (धातूचं) मॉडेल पुतण्याने पुण्याहून ऑनलाइन मागवून दिलं. सगळा खर्च धरून बारा हजारांच्या आसपास पडलं. घ्यावं का? इंजिनाची आवड असेल तर बिनधास्त घ्या. शोकेसमध्ये ठेवायला नुसती चकचकीत गाडी हवी असेल तर याच्या निम्म्या किमतीत दुसरी मिळते, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

जळगावात माझं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर पुन्हा नीट करून देण्याचं, वर्कशॉप आहे. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गाड्या, ट्रॅक्टर, जुन्या जीपा यांची इंजिनं आमच्याकडे खोलली जातात. त्यामुळे कुठलंही मॉडेल हातात आलं की मी रंग नंतर बघतो, बोनेट आधी उघडतो. इथे बोनेट उघडलं आणि मन भरलं. शेवरोलेचं 427 क्युबिक इंचाचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं), म्हणजे सात लिटर. टाटाच्या जुन्या कमिन्सवाल्या 1613 ट्रकचं इंजिन 5.9 लिटरचं असायचं, तेव्हा दोन दरवाज्यांच्या कारमध्ये हे केवढं धूड बसवलंय ते बघा. पण दोघांची जात वेगळी. कमिन्सचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 102 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) 120. हळू फिरून ओझं ओढणारं इंजिन. या शेवरोलेचा बोअर 108 आणि स्ट्रोक फक्त 95.5. मोठा पिस्टन, छोटी चाल, त्यामुळे ते वर फिरायला मोकळं. कंपनीने 5600 आरपीएमला 425 अश्वशक्ती लिहून दिली होती.

मॉडेलमध्ये ब्लॉक शेवरोलेच्या ठरलेल्या नारिंगी रंगाचाच आहे. हवा आत नेणारं इनटेक मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमच्या रंगात, धूर बाहेर नेणारं एक्झॉस्टचं बिडाच्या राखाडी रंगात. प्लगना करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ), अगदी जिथे हवा तिथेच. मी घड्याळजींचं भिंग घेऊन डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपपासून प्लगपर्यंत एकेक वायर शोधत गेलो. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. त्यात 5 आणि 7 हे शेजारी-शेजारी आहेत आणि लागोपाठ फायर होतात, म्हणून खऱ्या गाडीत या दोन वायरी एकमेकींपासून लांब ठेवायच्या असतात. नाहीतर पाचचा करंट सातमध्ये उतरतो आणि इंजिन खोकायला लागतं. मॉडेलवाल्यांनी नेमक्या याच दोन वायरी गोंदाने जोडून टाकल्यात. बारा हजारांत हे खटकलं. मी चिमट्याने त्या सोडवून घेतल्या, आता ठीक दिसतात.

ज्याच्या नावाने ही गाडी ओळखली जाते तो डॉन येन्को, पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग या छोट्या गावातला शेवरोलेचा डीलर. धंदा वडिलांनी उभा केलेला. हा आधी रेसर, शेवरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट पळवून राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस. मला त्याच्याबद्दल आदर आहे तो यासाठी, की विकायची गाडी त्याला स्वतःला ट्रॅकवर चालवता येत होती. तिच्यात काय कमी आहे हे त्याला गिऱ्हाइकाने सांगावं लागत नव्हतं. शर्यतीच्या नियमात बसायचं तर एका प्रकारच्या शंभर गाड्या तयार असायला हव्यात, म्हणून त्याने 1966 साठी शेवरोलेच्याच कॉर्व्हेअर या छोट्या गाडीच्या शंभर 'स्टिंगर' बनवल्या. सगळ्या पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांच्या.

मग आली कॅमारो. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिचा तेव्हा दंडक होता: कॉर्व्हेट सोडली तर एवढ्या आकाराच्या गाड्यांमध्ये 400 क्युबिक इंचांच्या वरचं इंजिन बसवायचं नाही. येन्कोने 1967 मध्ये 396 ची कॅमारो घेतली, वर्कशॉपमध्ये तिचं इंजिन उतरवलं आणि 427 चढवलं. 1969 ला त्याने याहून हुशारीचं काम केलं. टॅक्सी किंवा सरकारी गाड्यांसारख्या खास मागण्यांसाठी कंपनीत एक वेगळी ऑर्डर पद्धत होती, तिला कोपो म्हणत. त्या वाटेने, 9561 नंबरच्या ऑर्डरवर, 427 इंजिन थेट कारखान्यातूनच बसून येऊ लागलं. सोबत 9737 ची ऑर्डर लावली की 15 इंची चाकं, पुढचा जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि 140 मैलांचा स्पीडोमीटर मिळायचा. मॉडेलच्या डॅशबोर्डवर भिंग धरलं तर तो 140 चा आकडा वाचता येतो. हेडरेस्टवर येन्कोची sYc ही तीन अक्षरंही आहेत. या दोन गोष्टींसाठी मी या मॉडेलला पैकीच्या पैकी देईन.

पोरांना हे मॉडेल मी मुद्दाम दाखवतो. आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी येतं, "दादा, ह्या गाडीमा मोठं इंजन बसाडी द्या ना." हौस मला समजते. पण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल केला तर आरसी, पासिंग, विमा सगळंच अडचणीत येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी इंजिन वाढवायचं म्हणजे रेडिएटर, ब्रेक, क्लच, मागचा डिफरन्शियल सगळंच वाढवावं लागतं. येन्कोच्या 1969 च्या गाडीला हे सगळं कारखान्यातूनच मापाचं आलेलं होतं. जळगावच्या मे महिन्यात, हायवेवर पंचेचाळीस अंशांत, जुन्या रेडिएटरवर मोठं इंजिन ओढणारी गाडी नशिराबादच्या पुढेही धड जायची नाही. पोरांना मी मॉडेलचा रेडिएटर दाखवतो आणि विचारतो, तुझ्या गाडीत एवढा बसतो का?

बाकीचं थोडक्यात. रंगाची जाडी सगळीकडे एकसारखी. काळे पट्टे सरळ, कडा स्वच्छ. ड्रायव्हरच्या दरवाज्याची फट वर बारीक आणि खाली रुंद आहे, बोट फिरवलं की जाणवतं. बोनेटची बिजागरी खऱ्या गाडीसारखी नाही, जाड वाकड्या तारेची आहे, आणि उघडं बोनेट स्वतःहून उभं राहत नाही. एवढं सुंदर इंजिन दाखवायला एका हाताने बोनेट धरून ठेवावं लागतं, हे या किमतीला शोभत नाही. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं फिरतात, डिकीत स्टेपनी आहे. खालून एक्झॉस्टचे पाइप आणि गिअरबॉक्स वेगळ्या रंगांत दाखवलेत, तिथे कंजुषी केलेली नाही.

एक सूचना खानदेशातल्या मंडळींना. टायर खरे रबरी आहेत. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत मॉडेल प्लॅस्टिकच्या स्टँडवर तसंच ठेवलं तर रबर स्टँडला चिकटतं आणि टायरला खाली सपाट डाग पडतो. चॅसीखाली छोटे लाकडी ठोकळे लावा, चाकं अधांतरी राहू द्या.

आता मला 1967 ची गाडी हवी आहे, वर्कशॉपमध्ये इंजिन बदललेली. कोणाकडे त्या सालचं, बोनेटखाली एवढंच काम केलेलं मॉडेल असेल तर वायरिंगचा जवळून काढलेला फोटो दाखवा. पाच आणि सातच्या वायरी वेगळ्या असतील तर लगेच घेतो.