पाच वर्षांचं बूस्टर, पावणेसहाव्या वर्षी

माझ्या लेकाला ऑटिझम आहे. तो पावणेसहा वर्षांचा आहे आणि त्याचं पाच वर्षांचं बूस्टर, म्हणजे लशींचा पुढचा डोस, गेल्या महिन्यात मुलांच्या एका नव्या क्लिनिकमध्ये झालं, जवळजवळ ९ महिने उशिरा. उशीर का झाला ते सांगितल्याशिवाय मला या क्लिनिकबद्दल लिहिता येणार नाही, म्हणून आधी ते.

आधीच्या डॉक्टरांकडे तो जन्मापासूनचा पेशंट. डॉक्टर हुशार, हाताला गुण आहे, ताप-खोकल्याला लोक लांबून येतात. पण लेक तीन वर्षांचा झाला तेव्हापासून तिथली प्रत्येक साधी तपासणी मला माझी परीक्षा वाटायला लागली. वजनकाट्यावर तो उभा राहायचा नाही. "मॅडम, जरा आवरा ना याला, मागे नंबर आहेत," असं काउंटरवरून यायचं. आत गेलं की प्रश्न ठरलेले. मोबाईल किती देता? घरी कोण असतं? तुम्ही नोकरी करता का? मग दिवसभर याच्याशी बोलतं कोण? वजन एवढं कमी कसं, खायला काय घालता? मी एकाचं उत्तर जुळवेपर्यंत दुसरा आलेला असायचा. मी बँकेत काउंटरला बसते, दिवसभर लोकांचे प्रश्न झेलते, पण तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी त्याचा उजवा हात उलटा केला. अंगठ्याच्या खाली, हाताच्या मागच्या बाजूला त्याचा एक घट्टा आहे. आवाज सहन झाला नाही की तो तिथे चावतो, वर्षानुवर्षं एकाच जागी, त्यामुळे कातडी जाड आणि काळसर झालीय. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे? घरी कोणी मारतं का?" मुलाच्या अंगावर खूण दिसली तर डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दार सताड उघडं होतं. बाहेरच्या बाकांवरची सगळी माणसं ऐकत होती. आणि त्याच्या तपासणीचा अहवाल, ज्यात हे चावणं लिहिलेलं आहे, तो माझ्या हातात होता आणि त्यांनी तो मागितला नाही. लेक तोवर टेबलाखाली शिरून किंचाळायला लागला होता. बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "दोन धपाटे घाला, गप बसेल." इंजेक्शन न घेताच आम्ही परतलो. पुढचे ९ महिने मी 'पुढच्या महिन्यात नेऊ' म्हणत राहिले.

थेरपीला येणाऱ्या एका आईने मग हे क्लिनिक सांगितलं. आम्ही नाशिक रोडला राहतो, तिथून रिक्षाने पाऊण तास. मी अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर पलीकडच्या ताईंनी वय आणि वजन विचारायच्या आधी विचारलं, "त्याला काय आवडतं?" मला पटकन सुचेना. दवाखान्यातून हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मी म्हणाले, रेल्वे. स्टेशनांची नावं. त्यांनी ते लिहून घेतलं. कोणता आवाज चालत नाही, अंगाला हात लावलेला चालतो का, नको असेल तेव्हा तो ते कसं सांगतो, हेही विचारलं. अहवालाचे फोटो मागवून घेतले आणि सकाळी साडेनऊची वेळ दिली, ओपीडी सुरू व्हायच्या अर्धा तास आधीची.

पहिल्या दोन भेटींत इंजेक्शन नव्हतंच. नुसतं यायचं, जागा बघायची, जायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा आतली एक ट्यूब फडफडत होती. आपल्या लक्षातही येत नाही, पण लेकाने कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. डॉक्टर मॅडम उठल्या, ट्यूब बंद केली, खिडकीचा पडदा सरकवला आणि त्याच्यापासून दोन हात लांब चटईवर बसल्या. त्याच्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच्याच गुडघ्याला स्टेथोस्कोप लावून बसल्या होत्या. सात-आठ मिनिटांनी तो सरकत सरकत जवळ गेला. त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या भेटीत वजनकाट्यावर त्याचा घरचा टॉवेल अंथरला, कारण तो थंड पत्र्यावर अनवाणी उभा राहत नाही. १६ किलो २०० ग्रॅम. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं वजन मला कडेवर घेऊन वजाबाकी न करता कळलं.

आणि आता मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते. या डॉक्टरांनीही मोबाईलबद्दल विचारलं. माझ्या पोटात गोळा आला. पण प्रश्न असा होता : "मोबाईलवर काय बघतो?" मी सांगितलं, गाडी फलाटात शिरतानाचे व्हिडिओ, तेच तेच, आणि गाडी थांबली की मागे नेतो. त्या म्हणाल्या, "थांबताना की सुटताना जास्त आवडतं?" हे मलाही माहीत नव्हतं, घरी येऊन मी बघितलं. हातावरच्या घट्ट्याबद्दलही विचारलं, दार लावून, अहवालातलं पान उघडून. "हे यात आलंय. अलीकडे वाढलंय की कमी झालंय?" अहवालात ऑटिझमची तीव्रता मोजणाऱ्या आयएसएए या ४० मुद्द्यांच्या मोजपट्टीवर त्याचे ११२ गुण आहेत, म्हणजे मध्यम. त्यांनी तो आकडा वाचला होता, पण बोलताना एकदाही तो पुढे केला नाही.

खाण्याचंही तसंच. लेक दहीभात, इडली आणि पोळी खातो. पोळीवर तव्याचा काळा डाग असेल तर ती बाजूला सारतो. हे सांगताना मी आधीच बचावाच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, डाग नको म्हणून तुम्ही पोळी कशी भाजता? मी सांगितलं, त्यांनी फाईलमध्ये लिहून घेतलं. हिमोग्लोबिन ९.८ आलं. लोहाचं औषध दिलं आणि सांगितलं की ते दहीभाताबरोबर देऊ नका, दुधादह्यामुळे नीट शोषलं जात नाही. लिंबू सरबत पितो ना, त्याच्याबरोबर द्या. माझ्या सासूबाई सोबत होत्या. त्यांनाही विचारलं की आजीकडून तो काय खातो. घरी आल्यावर सासूबाई कितीतरी वेळ कोणाकोणाला फोनवर ते सांगत होत्या.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती तिथे सांगितली. बूस्टर लांबण्याचं दुसरं कारण म्हणजे एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीची भीती. नात्यातल्या एका बाईंनी ठामपणे सांगितलं होतं की त्या लशीनेच मुलं अशी होतात. खोटं असणार हे मला कळत होतं, तरी मध्यरात्री मी पंधराव्या महिन्याच्या लशीची तारीख आणि त्याचं बोलणं थांबल्याची तारीख जुळवत बसायचे. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की १९९८ साली 'लॅन्सेट' या ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात फक्त १२ मुलांवरचा एक लेख आला, तिथून ही भीती पसरली. २०१० साली नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, आणि लिहिणाऱ्या मुख्य डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. नंतर कितीतरी देशांत लाखो मुलांवर अभ्यास झाले, कुठेही संबंध सापडला नाही. त्या वयात लस दिली जाते आणि त्याच वयात लक्षणं दिसायला लागतात, म्हणून तारखा जवळ येतात. मग म्हणाल्या, "तारखा जुळवत बसणारी आई निष्काळजी नसते." मला तिथे रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, घाई केली नाही.

तिसऱ्या भेटीत इंजेक्शनं होती, दोन. घरून निघताना बधिर करणारं मलम दोन्ही दंडांना लावून वर प्लास्टिक चिकटवायला सांगितलं होतं, कारण त्याला तासभर लागतो. तिथे भिंतीवर एक कागद होता. खास त्याच्यासाठी मोठ्या अक्षरात लिहिलेला : नाशिक रोड, देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, इगतपुरी. अस्वलीसमोर आणि घोटीसमोर लाल ठिपका. मॅडमनी त्याला बोट ठेवून दाखवलं, "एक इंजेक्शन अस्वलीला. एक घोटीला. इगतपुरीला संपलं." सुई लपवली नाही, 'काही दुखणार नाही' असंही सांगितलं नाही. तो माझ्या मांडीवर बसून नावं म्हणायला लागला. अस्वलीला ओरडला, माझ्या दंडाला घट्ट धरलं, चावला नाही. पाडळीला थांबला. सगळे थांबलो. सिस्टर सुई हातात धरून तशाच उभ्या, कोणी 'चल चल' म्हटलं नाही. मला वाटतं मिनिटभर गेला असेल. मग त्याने स्वतः म्हटलं, घोटी. नंतर इगतपुरी, मोठ्याने.

फीचं सांगते : पहिल्या तपासणीचे ७०० रुपये, नंतर ५००, लशींचे वेगळे. नुसत्या ओळखीसाठी गेलो त्या दोन भेटींचे पैसे घेतले नाहीत. निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज कसा करायचा हेही तिथल्या ताईंनी कागदावर लिहून दिलं. ऑटिझम असलेल्यांना त्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो आणि आम्हाला तीन वर्षांत ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे, तरी.

कमतरता आहेत. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि अंधारा. व्हीलचेअरवरच्या मुलाला तिथे नेणं कठीण आहे, आणि अशा डॉक्टरांकडे ती मुलंही यायला हवीत. साडेनऊची वेळ आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, त्यामुळे रजा टाकावी लागते आणि तीन आठवडे थांबावं लागतं. शनिवारी काउंटरला दुसरी मुलगी असते. औषधाची चिठ्ठी विसरली म्हणून मी एकदा शनिवारी लेकाला घेऊन गेले, तर तिने त्याला उड्या मारताना बघून मला म्हटलं, "असा का करतो हा?" मी मॅडमना फोनवर कळवलं. त्यांनी माफी मागितली आणि तिच्याशी बोलते म्हणाल्या. नंतर काय झालं ते बघायला मी शनिवारी पुन्हा गेलेले नाही. कोणी गेलात तर इथे जरूर लिहा.

स्टेशनांचा तो कागद लेकाने भिंतीवरून काढून आणला. मॅडम म्हणाल्या, नेऊ दे, दुसरा लिहीन. आता तो आमच्या फ्रिजवर आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे आणि तेव्हा दात बघायचे आहेत, म्हणून त्याने पेन आणून देवळालीसमोर स्वतः एक ठिपका काढलाय.