नऊ महिने एसीचा हिशेब ठेवला, त्यातून कळलेलं

गाडी १.२ लिटर पेट्रोल, गिअर आणि एसी दोन्ही मॅन्युअल. रोजचा रस्ता पुण्यात कात्रज ते हिंजवडी, अधूनमधून सातारा. डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत एकाच पंपावर पहिल्या ऑटोकटला (टाकी भरल्यावर नोझल आपोआप बंद होतं तिथे) थांबून पेट्रोल भरलं आणि दर वेळी किलोमीटर वहीत लिहिले. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज मी धरत नाही.

आधी आकडे. शहरात एसीशिवाय लिटरला १६ किलोमीटरच्या आसपास मिळतं, एसी लावून साडेतेरा. सातारा रस्त्यावर ८० च्या वेगाने एसीशिवाय साडेवीस, एसी लावून साडेएकोणीस. ऋतूचा थोडा फरक यात आहेच. कंपनी सांगते तो आकडा एसी बंद ठेवून केलेल्या चाचणीतला असतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका.

एकच एसी शहरात अडीचने झोपवतो आणि हायवेवर जेमतेम एकने, असं का? कारण एसी पेट्रोल खातो ते तासाच्या हिशेबाने, किलोमीटरच्या नाही. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप, पट्ट्यावर इंजिनच्याच जोरावर फिरतो, मग गाडी पळत असो की उभी. माझ्या वहीप्रमाणे हा खर्च तासाला पाव लिटरच्या आत-बाहेर येतो. हायवेवर तो ८० किलोमीटरवर पसरतो, शहरात २० वर. नवले पुलाजवळ अडकलं की हे ऐकूही येतं: बॉनेटखालून 'टक्' होतं, कॉम्प्रेसरचा क्लच लागतो, आरपीएमचा काटा जरा वर सरकतो, काही सेकंदांनी पुन्हा 'टक्'. गाडी मात्र जागची हललेली नसते.

हायवेवर काचा उघड्या ठेवून पेट्रोल वाचवायचा हट्ट सोडा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे वाचलेलं बरंचसं तिथेच जातं, वर कान बधिर होतात. चाळिशीच्या आतल्या वेगाला काचा उघडणं परवडतं, पुढे डंपर नसेल तर.

'ब्लोअर एकवर ठेव, पेट्रोल वाचतं' असं पुष्कळ जण सांगतात. ब्लोअर विजेवर चालतो, खरा खाऊ कॉम्प्रेसर आहे. माझ्यासारख्या मॅन्युअल एसीत तापमानाचं बटण लाल बाजूला फिरवूनही फारसं वाचत नाही. गार केलेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळली जाते, एवढंच.

खरा फरक पडला तो एप्रिल-मेमध्ये, उन्हात तापलेल्या गाडीत बसताना. आधी चारही काचा खाली करून दोन-चारशे मीटर जायचं, आतली भट्टी बाहेर काढायची, मग काचा लावून एसी आणि सोबत रीसर्क्युलेशन. आतलीच गार झालेली हवा पुन्हा फिरते, कॉम्प्रेसर लवकर कट होतो. लांबच्या प्रवासात मात्र मधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर चालकाला पेंग येते.

सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात गाडी भरलेली असली की मी चढाला एसी बंद करतो. त्यात पेट्रोल किती वाचतं ते मोजलेलं नाही, पण दुसऱ्या गिअरमधला पिकअप लगेच जाणवतो.

पावसाळ्यात हा हिशेब बाजूला ठेवा. पुढची काच आतून धुरकटली की एसी लावायचाच, तोही बाहेरच्या हवेवर. एसी हवेतला ओलावा काढतो म्हणून काच झटपट साफ होते. पाव लिटरसाठी आंधळेपणाने गाडी चालवू नये. आणि पाऊस सरला की रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीतला) चिखल-किडे हलक्या पाण्याने धुऊन घ्या. प्रेशर गन जवळून मारलीत तर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.