जांभई, पाणी आणि डोळ्यांची तपासणी : पाचापैकी चार तारे

मी डीटीपी करते. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, आता पंचवीसेक वर्षं होतील. कवितासंग्रह, लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, जे येईल ते. दुपारी तीननंतर जांभया सुरू होतात आणि प्रत्येक जांभईबरोबर दोन्ही डोळे भरून येतात. एकदा एक कवी शेजारी खुर्ची ओढून प्रूफ बघत होते. त्यांची गझल लावता लावता मी जांभई दाबली आणि गालावर ओघळ आला. ते इतके गहिवरले की खरं काय ते सांगायचा मला धीर झाला नाही. पुढचा संग्रहही त्यांनी माझ्याकडेच दिला.

तेवढ्यासाठी कोणी दवाखाना गाठत नाही. मी गेले, कारण डावा डोळा जांभई नसतानाही गळायला लागला. वारा लागला की पाणी, पंख्याखाली बसलं की पाणी. दवाखान्याचं नाव देत नाही, कारण खाली एकदोन ठिकाणी मी वाकडं लिहिलंय, आणि ही तपासणी कुठल्याही बऱ्या डोळ्यांच्या दवाखान्यात होते. ‘चष्म्याचा नंबर काढून द्या’ एवढंच म्हणालात तर मात्र होत नाही. ‘डोळ्यातून पाणी येतं’ असं आत शिरतानाच सांगावं लागतं.

पहिले पाऊण तास टोकन हातात घेऊन बाकावर. शेजारी तान्हं बाळ घेऊन एक मुलगी बसली होती, बाळाचा एकच डोळा चिकट आणि ओला. सिस्टरनी तिला तिथेच नाकाच्या मुळाशी बोट ठेवून खाली दाबत न्यायचं मालिश दाखवलं. बऱ्याच बाळांची नळी जन्मतः खालच्या टोकाला पूर्ण उघडलेली नसते आणि बहुतेकांची वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते, हे मला त्या बाकावरच कळलं.

आत डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी आधी माझ्या हातात आरसा दिला. खालची पापणी नाकाच्या बाजूला जरा बाहेर ओढा म्हणाल्या. तिथे कडेवर, सुईच्या टोकाएवढं एक भोक दिसतं. इतकी वर्षं आरशात बघतेय, कधी दिसलं नव्हतं. वरच्या पापणीलाही तसंच असतं. डोळ्यातलं पाणी या भोकांतून बारीक नळ्यांत, तिथून नाकाच्या बाजूच्या पिशवीत आणि मग नाकात उतरतं. रडलं की नाक का गळतं, डोळ्यात औषध घातलं की थोड्या वेळाने घशाशी कडू का लागतं, दोन्हीचं उत्तर त्या भोकात आहे.

मग मी जांभईचं विचारलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नीट सांगितलं. पाणी तयार करणारी मोठी ग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, भुवईच्या हाडाखाली असते. मोठी जांभई आली की जबड्याबरोबर चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, डोळे घट्ट मिटतात. त्या ग्रंथीवर दाब येतो, पापणीच्या कडेला साचलेलं पाणी पुढे ढकललं जातं आणि तेवढा वेळ निचऱ्याची वाटही दाबली जाते. मोरी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून येणारच. ज्यांच्या डोळ्यात मुळात जास्त पाणी साचलेलं असतं त्यांचं गालावर येतं, बाकीच्यांचं नुसतं चमकतं. जांभई का येते यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मेंदू थंड ठेवण्यासाठी असावी, असं एक मत आहे. आमची आजी जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवायची, तिचा सिद्धांत वेगळा होता.

आता तपासण्या. आधी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ५ मिनिटं डोळे मिटून बसवतात. याला शिरमर टेस्ट म्हणतात. पट्टी १० मिलिमीटरपर्यंतही भिजली नाही तर पाणी कमी. माझी दोन्हीकडे चांगली भिजली. म्हणजे पाण्याचा तुटवडा नाही.

मग केशरी टोकाची दुसरी पट्टी डोळ्याला टेकवली आणि निळ्या दिव्यात बघितलं. तो रंग तिथे हिरवा चमकतो म्हणे. उघडझाप न करता समोर बघा, असं सांगून बाई सेकंद मोजत होत्या. चारवर थांबल्या. पाण्याचा थर किमान दहा सेकंद तरी टिकायला हवा. पापण्यांच्या कडेला तेलाच्या ग्रंथींची रांग असते, त्यांचं तेल पाण्यावर पसरतं म्हणून ते लगेच उडत नाही. माझ्या त्या ग्रंथी बुजलेल्या. पाणी उडतं, जागोजागी कोरडं पडतं, डोळा चुरचुरतो आणि मोठी ग्रंथी घाबरून नळ सोडते. कोरडेपणामुळे गळणं! हे घरी सांगितलं तर कोणाला पटेना. शिवाय एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. जोडाक्षरं शोधत बसणारीचं तर विचारूच नका.

शेवटी, डाव्या बाजूची नळी बंद नाही ना, याची खात्री. बधिर करायचे थेंब घातले आणि त्या भोकातून बोथट सुईने मिठाचं पाणी सोडलं. दुखत नाही, पण नाकाच्या मुळाशी काहीतरी सरकल्यासारखं विचित्र वाटतं. दोन क्षणांत घशात खारट आलं. ‘खारट लागलं? मग वाट मोकळी आहे,’ बाई म्हणाल्या. वाट बंद निघाली असती तर ऑपरेशनचं बोलणं झालं असतं. रुमालावर संध्याकाळपर्यंत त्या पट्टीच्या रंगाचे पिवळे डाग पडत होते, तेव्हा पांढरा रुमाल नेऊ नका.

उपाय साधे : रोज कोमट कापडाचा शेक ५-१० मिनिटं, मग पापण्यांच्या कडेला हलकं मालिश, पापणीच्या आतल्या कडेला काजळ नको, आणि डोळे ओले ठेवणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब. शेकाचा फरक मला थेंबांपेक्षा जास्त जाणवला. जांभईला पाणी अजून येतं, ते येणारच. डावा डोळा मात्र रिक्षात बसल्यावर गळत नाही.

एक तारा कापला त्याची कारणं. बाहुली मोठी करायचे थेंब न विचारता घातले. पडदा बघायला ते लागतात हे मान्य, पण नंतर अंधुक दिसेल हे आधी सांगितलं असतं तर मी स्कूटर नेली नसती आणि त्या दिवशीचं प्रूफ कोणावर तरी ढकललं असतं. आणि बाहेर पडायची वाट चष्म्याच्या काऊंटरवरूनच जाते. तिथल्या मुलाने ब्लू-कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या, काचांचा आग्रह धरला, डोळ्यांचा थकवा जाईल म्हणाला. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासते; तिच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या काचांपेक्षा त्यांनी थकव्यात फरक पडत असल्याचं दिसलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘मॅडम, स्कीम आजच्यापुरती आहे.’ डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत काचांचा उल्लेखही नव्हता.

फी सगळ्या तपासण्या धरून ९०० रुपये. माझ्या मते स्वस्त, कारण ते बाहुलीचे थेंब सोडले तर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती का, हे सांगितलं गेलं. सकाळी लवकरचं टोकन घ्या, बरोबर कोणीतरी न्या. थेंबांच्या छोट्या कुप्या तिथल्या केमिस्टकडे सुट्या मिळत नाहीत, पूर्ण पेटीच घ्यावी लागते. बाहेरच्या दुकानात विचारा, आमच्या गल्लीतला पाच-पाच देतो.