फिओ के-११: यंत्र उत्तम, गरज मात्र थोड्यांनाच

फिओ कंपनीचा के-११ हा टेबलावर ठेवायचा हेडफोन ॲम्प (हेडफोनकडे जाणाऱ्या संकेताचा जोर वाढवणारे यंत्र) मी सेन्हायझरच्या एचडी ६५० या हेडफोनसाठी घेतला, त्याला आता तीन महिने झाले. यंत्रात खोट काढावी असे मला काही सापडले नाही. तरीही, गाणे ऐकणारे बहुतेक लोक असा वेगळा ॲम्प घेत नाहीत यात त्यांचे काहीच चुकत नाही, असे माझे मत या तीन महिन्यांत पक्के झाले आहे.

धातूचा चपटा डबा, समोर आवाजाचा आकडा दाखवणारा लहान पडदा, ६.३५ आणि ४.४ मिलिमीटरच्या पिनांसाठी दोन जागा आणि १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॉप्टर असे त्याचे स्वरूप आहे. डिजिटल संकेताचे रूपांतर करणारा डॅकही आतच असल्याने तो लॅपटॉपला थेट यूएसबीने जोडता येतो. ३२ ओहमच्या हेडफोनला बॅलन्स्ड जोडणीतून (म्हणजे ४.४ मिलिमीटरच्या जागेतून, जिथे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) १४०० मिलिवॅट देण्याची त्याची क्षमता आहे. हा आकडा वाचून छाती दडपते खरी, पण कानात घालायचे बहुतेक इअरफोन एका मिलिवॅटमध्येच १०० डेसिबलच्या आसपास आवाज काढतात. आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर सरासरी पातळी ८० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ८० डेसिबलसाठी अशा इअरफोनला मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो.

शिवाय लोक ॲम्प वापरत नाहीत, हे म्हणणेच मुळात अर्धवट आहे. फोनच्या आत ॲम्प असतो, लॅपटॉपच्या आत असतो, आणि ब्लूटूथ इअरबड्समध्ये तर प्रत्येक कानाच्या बोंडात एक बसवलेला असतो, तोही त्याच स्पीकरच्या मापाने जुळवलेला. आयफोन ७ ने २०१६ मध्ये ३.५ मिलिमीटरचे जॅक काढून टाकले आणि पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवला, त्यामुळे आज रस्त्याने गाणी ऐकत जाणाऱ्या बहुतेकांच्या हाती वायरच राहिलेली नाही. माझ्या भाच्याने के-११ पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, ‘मामा, माझे बड्स याला कुठे लावायचे?’ ते कुठेही लावता येत नाहीत.

एचडी ६५० चे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युत संकेताला होणारा अडथळा, ३०० ओहम असल्याने तो ‘चालवायला जड’ समजला जातो, आणि याच समजुतीपोटी मीही पैसे मोजले. पण इम्पिडन्सच्या एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. संवेदनशीलताही पाहावी लागते. एक व्होल्ट मिळाला की हा हेडफोन १०३ डेसिबलपर्यंत जातो. ॲपलचे यूएसबी-सीचे करंगळीएवढे डोंगल, म्हणजे फोन किंवा लॅपटॉपला वायरचा हेडफोन लावण्याचा जोड, तेवढा एक व्होल्ट देते (युरोपात विकले जाणारे निम्माच देते, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही त्याचा आवाज कमी राहतो). ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबल खाली असली, तरी सरासरी ८३ डेसिबल हाती उरतात.

हे कागदावरचे गणित कानाने ताडून पाहायचे ठरवले. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित जरी मोठा असला, तरी कान त्यालाच ‘अधिक मोकळा’, ‘अधिक भरदार’ ठरवतो, म्हणून आधी पातळी जुळवणे आवश्यक होते. घरातला स्वस्त मल्टिमीटर यासाठी कुचकामी ठरला, कारण त्याचा एसीचा सर्वांत खालचा टप्पाच २०० व्होल्टचा होता. मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून चांगला मीटर मागून आणला. लॅपटॉपवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावला, हेडफोनच्या जोडीने दुफाटा लावून त्याच्या मोकळ्या टोकावर मीटरची टोके धरली आणि डोंगल व के-११ दोन्ही अर्ध्या व्होल्टवर आणले. मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि भाचा नाणे उडवून पाठीमागे पिन बदलत राहिला. सोळापैकी नऊ वेळा माझे उत्तर बरोबर आले, म्हणजे नुसते नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच आले असते. त्याआधीचे महिनाभर के-११ वर तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, हे इथे कबूल करायला हवे.

के-११ खरोखर उपयोगी पडला तो एका जुन्या, फार हळू मुद्रित झालेल्या ख्यालाच्या वेळी. डोंगलचा आवाज पूर्ण वाढवूनही आलाप दूरच राहत होता. ॲम्पवर बटण आणखी फिरवता आले आणि गायक जवळ आला. हायफायमनच्या एचई-६ सारखे हेडफोन तर एका मिलिवॅटला केवळ ८३.५ डेसिबल देतात. त्यांना ११० डेसिबलच्या शिखरांसाठी साडेचारशे मिलिवॅटच्या आसपास लागतात, आणि तिथे डोंगलने हात टेकावेत यात नवल नाही. जुन्या लॅपटॉपच्या जॅकमधून सतत खरखर येत असेल तरीही बाहेरचे यंत्र कामाचे ठरते, पण त्या दुखण्यावर डोंगलचाही उतारा चालतो.

माझा के-११ मी विकणार नाही. फोनला हात न लावता मोठे बटण फिरवून आवाज कमी-जास्त करण्याची सवय जडली आहे, आणि त्या सुखाची किंमत दहा हजारांहून अधिक पडली हे मान्य आहे. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी आधी आपला हेडफोन डोंगलला लावून नेहमीची गाणी आठवडाभर ऐकावीत. आवाज पूर्ण वाढवूनही वारंवार कमी पडत असेल तरच दुकानाची पायरी चढावी.