पोरांचं काम झकास, मोठ्यांची लुडबुड जास्त

माझा धंदा पेपर एजन्सीचा. पहाटे स्टँडवर गठ्ठे उतरवून घ्यायचे, पुरवण्या घालायच्या, पोरांना लाईनवर पाठवायचं. सांगलीतल्या एका शाळेत नववीच्या मुलामुलींनी खऱ्या-खोट्या बातम्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी त्यांना जुने पेपर हवे होते, ते माझ्या गोडाऊनमधून नेले आणि जाताना आग्रहाचं आमंत्रण देऊन गेले. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

शनिवारी सकाळी दहा ते दोन, प्रवेश फुकट, चहा फुकट आणि पाणचट. पहिल्या मजल्यावर तीन वर्ग, खाली हॉल. खरा माल सगळा वर. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी काय करायचं, याचा कुणी विचार केलेला नव्हता.

हॉलमध्ये बसू नका. दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. शाल, नारळ, पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं भाषण, आणि त्या भाषणात मोबाईलमुळे पिढी बिघडली हे नेहमीचंच. ज्या पिढीने एवढं प्रदर्शन उभं केलं ती मागे उभी राहून हे ऐकत होती. त्यानंतर प्रश्नमंजूषा. पडद्यावर बातमी दाखवायची, खरी की खोटी हे जो आधी बेल वाजवून सांगेल त्याला पेनसेट. वरच्या तिन्ही वर्गांत मुलं सांगत होती की घाई करू नका, थांबा, बघा, मग बोला. आणि खाली घाई करणाऱ्याला बक्षीस! ही कल्पना सरांची होती, असं नंतर कळलं. मुलांनी नको म्हटलं होतं.

आता वर चला. पहिला वर्ग पुराचा, आणि त्यासाठी तरी जायलाच हवं. २०१९ चा ऑगस्ट इथे कुणी विसरलेलं नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५ हे आकडे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्यामुळे पावसाळा आला की फॉरवर्डचाही पूर येतो. मुलांनी त्यातला एक मेसेज मोठा करून भिंतीवर लावला होता: ‘कोयनेतून आज रात्री ५० टीएमसी सोडणार, सर्वांनी सामान हलवा.’ खाली कुणाची सही नाही, तारीख नाही, शेवटी हात जोडलेले.

स्टॉलवरच्या मुलीने मला समोर बसवलं आणि हातात खडू दिला. ‘काका, टीएमसी म्हणजे किती?’ मी म्हटलं, लई. ती हसली नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे तिने फळ्यावर लिहिलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. म्हणजे ११,५७४ क्युसेकने अख्खे चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतो. एका रात्रीत, बारा तास धरले तर, ५० टीएमसी सोडायचे म्हणजे साडेअकरा लाख क्युसेक लागतील. आणि कोयनेची क्षमताच मुळी १०५.२५ टीएमसी. ‘म्हणजे जवळजवळ अर्धं धरण एका रात्रीत रिकामं, काका.’ भागाकार माझ्याकडून करून घेतला, चुकला तिथे पुसायला लावला. ज्याने मेसेज बनवला त्याने क्युसेकच्या जागी टीएमसी लिहिलं असेल, किंवा मुद्दाम लिहिलं असेल. ते आम्हाला सांगता येणार नाही, एवढंही तिने स्पष्ट सांगितलं. पेपरात काम करणाऱ्या कितीतरी लोकांनी हे वाक्य शिकून घ्यावं.

त्याच वर्गात एक व्हिडिओ होता. पाण्यात अर्धी बुडालेली दुकानं, वर ‘आत्ताची सांगली’ असं लिहिलेलं. एका मुलाने तो थांबवत थांबवत पुढे नेला आणि विजेच्या खांबाशी आणून रोखला. खांबावर कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा बॅनर, त्यावर तारखेसकट साल २०१९. या बॅनरांनी शहराची शोभा घालवली हे खरंच, पण एकदा तरी कामी आले. मग त्याने व्हॉट्सअॅपचा दुहेरी बाण दाखवला. मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आला की तो बाण लागतो, आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. मी रोज तो बाण बघतो, कशाचा आहे हे कधी विचारलं नव्हतं. आकडे कुठे बघायचे तेही लिहून ठेवलं होतं: पाटबंधारे खात्याचं रोजचं पूर नियंत्रणाचं पत्रक, आणि त्यावरची वेळ. कारण सकाळी सहाचं पत्रक संध्याकाळी खरं असेलच असं नाही.

दुसऱ्या वर्गात आवाज कमी होता. विषय मुलं पळवणारी टोळी. २०१८ मध्ये देशभर फिरलेला तो व्हिडिओ बऱ्याच जणांना आठवत असेल: मोटरसायकलवरून दोघं येतात, गल्लीतलं पोर उचलतात आणि निघून जातात. मुलांनी आधी तेवढाच तुकडा दाखवला. मग पूर्ण फिल्म लावली. तेच दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि फलक उघडून दाखवतात. कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती ती. शेवट कापला आणि भारतभर ‘आपल्या भागात टोळी फिरतेय’ म्हणून पाठवली.

बाजूला दोन बातम्यांची कात्रणं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. दुसरं कात्रण आपल्याच जिल्ह्यातलं: सप्टेंबर २०२२, जत तालुक्यातलं लवंगा, विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मारहाण. एका मुलाला रस्ता विचारला, एवढंच निमित्त झालं. लवंग्याच्या बातमीचे गठ्ठे मीच वाटले होते. मुलांनी इथे भाषण केलं नाही, पाटीवर उपदेश लिहिला नाही. एक नकाशा लावला आणि लवंग्याला टाचणी टोचली. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी खुर्ची मागून घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

तिसऱ्या वर्गात अर्ध्या भागात एआयने केलेले आवाज आणि चेहरे. गर्दी सगळ्यात जास्त तिथे, शिकण्यासारखं सगळ्यात कमी. लोक स्वतःचा आवाज नटासारखा करून घेऊन हसत होते. सोडून दिलंत तरी चालेल.

उरलेल्या अर्ध्या भागात माझी रद्दी. इथे मी परीक्षकाच्या नजरेने बघितलं, आणि बातमी व जाहिरात यांतला फरक त्यांनी बरोबर पकडला होता. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेली पानं, बातमीदाराच्या नावाऐवजी ‘वाणिज्य प्रतिनिधी’ म्हणून आलेले मजकूर, अख्खं पहिलं पान झाकणाऱ्या जॅकेट जाहिराती. २००९ च्या विधानसभेला एकच मजकूर, तोच शब्द न् शब्द, वेगवेगळ्या पेपरांत बातमी म्हणून छापून आला होता, आणि प्रेस कौन्सिलच्या समितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, केलेला सविस्तर अहवाल २०११ मध्ये लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, हेसुद्धा एका कागदावर होतं. नववीच्या मुलांनी एवढं शोधलं याचं मला कौतुक वाटलं. पण त्याच फळ्यावर मधोमध एक चौकोन रिकामा होता. चार टाचण्या तशाच. विचारलं तर मुलगी इकडेतिकडे बघून म्हणाली, ‘तिथे एका क्लासची बातमी होती. त्यांनीच मांडवाचे पैसे दिलेत, म्हणून सकाळी काढायला लावली.’ माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनातला सगळ्यात चांगला स्टॉल तो रिकामा चौकोनच होता. मुलांना तेवढी पाटी लावू दिली असती तर बरं झालं असतं.

एक खेळही होता: पेपर हातात द्यायचा आणि प्रिंटलाइन शोधायला सांगायचं. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण आणि पेपर कुठे छापला, हे शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. १८६७ च्या कायद्यापासून ते बंधनकारक आहे. तो कायदा जाऊन २०२४ पासून नवा आला, पण ओळ आहे तिथेच आहे. माझ्याशेजारचे एक गृहस्थ आयुष्यभर पेपर वाचत आलेले, त्यांना सापडेना. या ओळीत ज्याचं नाव असतं त्याला कोर्टात उभं करता येतं, फॉरवर्डमध्ये ते नाव नसतं, असं मुलाने सांगितलं. चोख.

बाहेर पडताना वीस रुपयांची पुस्तिका घेतली. मजकूर चांगला, पुराचा हिशेब त्यात आहे. पण कुणी लिहिली, कुठे छापली, कधी छापली, काही नाही! दाखवलं तर तिघं-चौघं जमले, एकमेकांवर ढकलाढकली झाली, आणि मग त्यांनी शिल्लक गठ्ठा पुढ्यात घेऊन मागच्या पानावर हाताने वर्ग, तुकडी आणि तारीख लिहायला घेतली. माझी प्रतही परत घेतली आणि लिहून दिली. छपाईही वाईट आहे, काळ्या चौकोनातली अक्षरं फुटलीत.

मुलांना पाचपैकी साडेचार, आयोजनाला दोन. पुढच्या खेपेला हे जूनमध्ये, पाणी चढायच्या आधी ठेवा, आणि संध्याकाळी ठेवा, म्हणजे कामावरून सुटलेली माणसं येतील. घरोघरी फॉरवर्ड पाठवणारे तेच आहेत, शनिवारी सकाळी दहाला मोकळी असणारी मुलं नव्हेत. पुराचा स्टॉल तळमजल्यावर आणा. मांडवाचे पैसे कमी पडत असतील तर मांडवच नको, हॉल आहे की. रद्दी मी देईन, फक्त आठ दिवस आधी सांगा, महिनाअखेरीला रद्दीवाला गोडाऊन रिकामं करून नेतो.