रॅग्नरॉक: आधी स्नोरी वाचावा की ‘व्होलुस्पा’?

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांच्या अंताची, रॅग्नरॉकची गोष्ट मुळातून वाचायची ठरवली की आइसलँडच्या दोन गोष्टी समोर येतात. एक, स्नोरी स्टर्लुसनने १२२० च्या सुमारास गद्यात लिहिलेला ‘एड्डा’. दुसरी, ‘व्होलुस्पा’ हे व्होल्वाच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडचं साठेक कडव्यांचं काव्य. ते १२७० च्या आसपासच्या हस्तलिखितात मिळतं, पण रचना त्याहून बरीच जुनी मानतात.

नुसतं काय घडतं हे कळायला हवं असेल, तर स्नोरीला तोड नाही. गिल्फी राजा वेश पालटून प्रश्न विचारतो, सिंहासनांवरचे तिघे उत्तरं देतात आणि सगळं ओळीने उलगडतं. मधे उन्हाळाच न येणारे सलग तीन हिवाळे. सूर्याला गिळणारा लांडगा. मेलेल्यांच्या नखांचं नागलफार नावाचं जहाज. फेनरिर लांडगा देवांचा प्रमुख ओडिन याला गिळतो, तेव्हा ओडिनचा मुलगा विदार त्याच्या खालच्या जबड्यावर पाय रोवून तोंड फाडतो. त्या पायातला जोडा कशाचा? माणसं जोडे शिवताना चवड्याशी आणि टाचेशी कातड्याचे जे तुकडे कापतात, त्यांचा. देवांना मदत व्हावी असं वाटत असेल तर ते तुकडे टाकून द्यावेत, असं स्नोरी सांगतो. जगाच्या शेवटच्या लढाईत जोडे शिवणाऱ्याचाही वाटा आहे, ही कल्पना मला फार जवळची वाटते.

‘व्होलुस्पा’त या जोड्याचा पत्ता नाही. तिथे विदार सरळ तलवार काळजात खुपसतो. आणि ओडिनचं मरण? त्याची बायको फ्रिग हिच्यावर दुसरं दुःख कोसळतं, तिचा आनंद पडतो, एवढंच. पहिलं दुःख म्हणजे तिच्या मुलाचं, बाल्डरचं मरण. शिवाय भविष्य सांगणारी ती व्होल्वा हे ऐकवते आहे खुद्द ओडिनला.

बाल्डरची हकिगत माहीत नसेल तर ही ओळ हातून निसटते. म्हणून माझं मत: आधी स्नोरीतला बाल्डरचा आणि रॅग्नरॉकचा भाग वाचा, मग त्याच बैठकीत काव्य. फक्त स्नोरीचा प्रत्येक तपशील जुना समजू नका. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा दोनेक शतकं उलटली होती, आणि विस्कटलेलं नीट लावून ठेवायची त्याला हौस होती. त्याच्याकडे टीर हा देव आणि गार्म कुत्रा एकमेकांना मारतात, ती झुंज काव्यात नाही.

शेवटही वेगळे. स्नोरीकडे लीफ आणि लीफथ्रासिर ही दोन माणसं सकाळच्या दवावर तगतात, सूर्याची मुलगी आईच्या वाटेने आकाशात निघते. काव्यातही समुद्रातून हिरवी जमीन वर येते, देवांच्या सोन्याच्या सोंगट्या गवतात सापडतात. पण अखेरच्या कडव्यात निढोग हा काळा सर्प पंखांत प्रेतं घेऊन उडत येतो, आणि व्होल्वा स्वतःबद्दलच म्हणते, आता ती बुडणार.