व्हॉल्यूम पेडल खरखरतंय: स्प्रे मारावा, पॉट बदलावा की ऑप्टिकल घ्यावं?

गिटारचा आवाज पायाने कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलवर पाय दाबला की अँपमधून खर्रर्र येतं आणि सल्ले सुरू होतात. क्लीनरचा स्प्रे मार, पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) बदल, नाहीतर सरळ प्रकाशावर चालणारं ऑप्टिकल पेडल घे. खिशात हात घालण्याआधी एक करून बघा: बाकीची पेडलं बाजूला काढून गिटार थेट व्हॉल्यूम पेडलला लावा. खरखर गेली, तर दोष आधीच्या एखाद्या पेडलचा असू शकतो. त्याच्या आउटपुटचा कपॅसिटर लीक होऊन डीसी (एकाच दिशेचा विद्युतप्रवाह) पुढे येत असेल, तर पॉट कितीही धुवा, काही फरक पडायचा नाही.

खरखर तशीच राहिली, तर पॉटच बघायचा. त्यात कार्बनच्या ट्रॅकवरून वायपर, म्हणजे धातूची छोटी पट्टी, घासत फिरते. मध्ये धूळ-गंज आला की आवाज. इथे स्प्रे सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकांना पुरतो. पेडल उघडा, पॉटच्या तीन पायांजवळच्या फटीत नळी घालून अगदी थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर सोडा आणि लगेच पेडल वीसेक वेळा पूर्ण खाली-वर करा. डीऑक्सिट ब्रँडचा एफ५ क्लीनर वंगणासह येतो, म्हणून पॉटसाठी तो बरा. घरातला नेहमीचा डब्ल्यूडी-४० नको. मागे राहणारा तेलकट थर धूळ धरतो. नुसतं आयसोप्रोपिलही नको, त्याने आतलं ग्रीस धुतलं जातं आणि पेडल पायाला कोरडं लागतं.

स्प्रेनंतर खरखर महिन्याभरात परतली, किंवा एका ठरावीक जागी आवाज चक्क तुटतो, तर ट्रॅक झिजलाय. पॉट बदला. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला २५०के (किलोओहम), अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपला किंवा बफरनंतर (सिग्नल सशक्त करणाऱ्या सर्किटनंतर) लावत असाल तर २५के. अर्नी बॉल कंपनीचं व्हीपी ज्युनिअर पेडल दोन्हींत मिळतं, तेव्हा आपलं कुठलं ते आधी बघून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला २५०केचा पॉट मिळेलही, पण तो ऑडिओ टेपरचाच (कानाला आवाज सारखा वाढत जाताना वाटेल असा) हवा आणि शाफ्टची लांबी जुळायला हवी. शिवाय गिटारवर अधूनमधून फिरवायचा पॉट पायाखाली रोजची घासाघीस फार काळ सोसत नाही. कंपनीचा सुटा पॉट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

ऑप्टिकलमध्ये, म्हणजे मोर्लेसारख्या कंपन्यांच्या पेडलमध्ये, दिवा आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. काही घासतच नाही, म्हणून पॉटची खरखर नाही. पण त्याला वीज लागते, अडॅप्टर गेला की स्टेजवर शांतता. आठवड्याला चार कार्यक्रम आणि प्रत्येक गाण्यात स्वेल (पायाने आवाज हळूहळू चढवणं) असतील तर जरूर घ्या. घरी वाजवणाऱ्याने केवळ खरखरीला वैतागून एवढा खर्च करू नये.

दोरीने पॉट फिरवणारं पेडल उघडणार असाल, तर दोरी पुलीवर कशी गुंडाळली आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मगच स्प्रिंगला हात लावा. दोरी एकदा सुटली की पॉटपेक्षा तीच जास्त वेळ खाते.